द्राक्षमळ्यांचा धडा आणि खानदेश

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या मध्यास दौलताबादेहून खंबायतकडे निघाला, तेव्हा वाटेत त्याचा मुक्काम नंदुरबारास पडला. दौलताबादेस त्याने द्राक्षे आणि डाळिंबे पाहिली आणि ती वर्षातून दोनदा येतात याचे नवल नोंदवून ठेवले. नंदुरबारास त्याला भेटले ते मराठी लोक. हे लोक कारागिरीत निपुण आहेत, वैद्यक व ज्योतिष जाणतात. त्यांच्यातील वरिष्ठ वर्ग भात, भाजी आणि तिळाचे तेल एवढ्यावर राहतो व मद्यपान हे सर्वांत मोठे दूषण मानतो, असे त्याने लिहिले आहे. अर्धे जग पायाखाली घातलेल्या या प्रवाशाला द्राक्षाचा मळा आणि मद्याचा तिटकारा या दोन गोष्टी काही मजलांच्या अंतरात भेटल्या. आज सुमारे पावणेसातशे वर्षांनंतरही त्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत आणि त्यांचा मेळ कसा घालावयाचा, हे महाराष्ट्राला उमगलेले नाही.

इब्न बतूताने पाहिले ते खरे होते, पण पुरे नव्हते. नंदुरबारच्या उत्तरेस सातपुड्याच्या डोंगरात मोहाची दारू गाळली जात होती. भिल्ल आणि पावरा यांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू आणि देवाचा सण यांपैकी एकही प्रसंग तिच्यावाचून पार पडत नव्हता. प्रवासी व्यापारी मार्गाने गेला, डोंगरात गेला नाही. खानदेशात मद्याविषयीच्या परंपरा मुळातच दोन आहेत: एक गावच्या ओसरीवरची, दुसरी पाड्याच्या अंगणातली. या प्रांतात मद्याविषयी बोलावयाचे तर या दोहोंची दखल घेतल्याशिवाय बोलता येत नाही.

नवा रसिक

गेल्या पंचवीस वर्षांत यांत तिसऱ्या एका गोष्टीची भर पडली आहे. मराठी मध्यमवर्गात वाइनचा रसिक म्हणून एक नवा माणूस निर्माण झाला आहे. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालेली मोटार मालेगाव, चांदवड ओलांडून नाशिकला पोहोचते, ती पूर्वी त्र्यंबकेश्वरासाठी किंवा सप्तशृंगीच्या वाटेवर. आता त्यांच्या जोडीला गंगापूर धरणाकाठचा एखादा द्राक्षमळाही पाहिला जातो. जळगावच्या कित्येक घरांतील मुलगा वा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीस असते. आईवडील चार महिन्यांसाठी तिकडे गेले की त्यांना सुवर्णद्वाराचा पूल दाखविला जातो, तसेच नापाचे खोरेही दाखविले जाते. कोणी फ्रान्समधील बोर्दो पाहून येतो, कोणी इटलीतील तोस्काना, कोणी दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश. परत येताना तो काही नावे घेऊन येतो: काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, शेनँ ब्लाँ. पेला कसा धरावा, तो कसा हलवावा, वास कसा घ्यावा हेही तो शिकून येतो आणि चार मित्रांना शिकवितो.

यात हसण्यासारखे काही नाही. परदेशी संगीत ऐकणे वा परदेशी चित्रे पाहणे ज्यांना शिष्टसंमत वाटते, त्यांनी परदेशी द्राक्षांची चव जाणून घेण्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. जगातील द्राक्षमळे पाहून येणाऱ्याने तिथून आणावयाचे काय? ज्या प्रांतात द्राक्षापेक्षा केळी अधिक पिकते आणि पाण्यापेक्षा ऊन अधिक मिळते, त्या खानदेशाला त्या मळ्यांतून काही शिकण्यासारखे आहे काय? त्याचे उत्तर पेल्यात सापडत नाही. ते सापडते त्या मळ्यांनी स्वतःसाठी घालून घेतलेल्या नियमांत, आणि ते नियम घालून घेण्यापूर्वी त्यांनी सोसलेल्या अनर्थांत.

नाशिकचा अनुभव

परदेशाकडे वळण्यापूर्वी शेजार पाहणे बरे. दौलताबादेच्या द्राक्षांविषयी इब्न बतूताला जे नवल वाटले, तेच आजही महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचे मर्म आहे. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपतो. येथे थंडी तेवढी पडत नसल्याने तो झोपत नाही. म्हणून बागाईतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो. वेलाचे वर्ष दोन छाट्यांनी बांधले जाते. वाइनची द्राक्षे हिवाळ्यात पक्व होऊन जानेवारी ते मार्च या काळात तोडली जातात, म्हणजे युरोपात मळे बर्फाखाली असतात तेव्हा येथे सुगी असते. या द्राक्षशेतीच्या मुळाशीही जग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील मळे मुळापासून उद्ध्वस्त केले. त्यावर उपायही अमेरिकेतूनच आला, तो म्हणजे तिकडच्या रानवेलाच्या खुंटावर युरोपीय वेलाचे कलम करणे. महाराष्ट्रातील बागाईतदार ज्या डॉगरिज खुंटावर आज कलम करतो, तो टेक्सासमधील रानवेलाच्याच कुळातला. दुष्काळ आणि खारवट पाणी सोसण्याचा गुण त्याच्या अंगी आहे म्हणून तो येथे रुजला.

वाइनचा धंदा मात्र याच्या मानाने अगदी कोवळा. श्यामराव चौगुले यांनी नारायणगावजवळ १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन तयार केली व ती परदेशी पाठविली. राजीव सामंत अमेरिकेतील नोकरी सोडून नाशिकला आले आणि त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. अबकारी करातून सूट दिली. विंचूर व पलूस येथे वाइन पार्कची आखणी केली. पुढच्या सहा-सात वर्षांत नाशिक जिल्ह्यात वायनरींची रांग लागली. खाण्याच्या द्राक्षांच्या भावातील चढउताराला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी करार करून वाइनच्या जाती लावल्या. मग २००८ साल आले. जगभर मंदी पसरली, त्याच वर्षाअखेर मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि टाक्यांत वाइन पडून राहिली. नारायणगावचा तो पहिला मोठा उद्योग कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला. अनेक शेतकऱ्यांची द्राक्षे कोणी उचलीना. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे. ते बाजारात खाण्यासाठी विकले जात नाही. तेव्हा ज्या हातांनी वेल लावले त्याच हातांनी ते उपटावे लागले.

सहलीला जाणाऱ्या रसिकाला हे कोणी सांगत नाही. धंदा पुढे सावरला, ‘सुला’ २०२२ च्या अखेरीस शेअर बाजारातही उतरली. परंतु वेल उपटणाऱ्यांना भरपाई कोणी द्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर त्या धोरणात नव्हते. धोरण कारखान्यासाठी होते. शेतकऱ्याचे नाव त्याच्या प्रस्तावनेत होते, पण धोका वाटून घेण्याच्या कलमात नव्हते.

फ्रान्सने काय केले

नाशिकच्या शेतकऱ्याने २००९ नंतर जे भोगले, ते फ्रान्सच्या दक्षिणेकडील शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी याहून भयंकर रीतीने भोगले होते. किडीच्या संकटातून वर आल्यावर तेथे द्राक्षे अमाप पिकू लागली. त्याच वेळी व्यापाऱ्यांनी पाणी, साखर आणि इतर पदार्थ मिसळून नकली वाइन तयार करण्याचा सपाटा लावला. भाव कोसळले. १९०७ च्या उन्हाळ्यात लांगदोक प्रांतात मार्सेलें आल्बेर नावाच्या एका साध्या गावकऱ्याच्या पुढारपणाखाली सभा भरू लागल्या. जूनमध्ये माँपेलिए येथे जमलेल्या समुदायाचा अंदाज पाच लाखांच्या वर केला जातो. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली, एक पलटण बंडाला उभी राहिली. अखेर त्याच महिन्यात पाणी व साखर मिसळण्याविरुद्ध कायदा झाला. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांचा आंबविलेला रस, दुसरे काही नव्हे, ही साधी व्याख्या पक्की करून घेण्यासाठी फ्रेंच शेतकऱ्याला रक्त सांडावे लागले.

त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. रोन नदीच्या काठच्या शातोनफ-द्यु-पाप या गावच्या उत्पादकांनी बारों ल रुवा या वकिलाच्या नेतृत्वाखाली १९२३ च्या सुमारास स्वतःच स्वतःवर बंधने घालून घेतली. गावाच्या नावाने विकावयाची वाइन कोणत्या जमिनीतील असावी, कोणत्या जातींची असावी, द्राक्षांत साखर किती उतरलेली असावी, नासकी द्राक्षे कशी वेगळी काढावीत, हे त्यांनी ठरविले. जमिनीची खूण मोठी मार्मिक होती: जेथे लॅव्हेंडर आणि थाइम या रानवनस्पती उगवतात तेवढी हलकी, कोरडी जमीनच ग्राह्य. १९३५ मध्ये फ्रान्सने हीच पद्धत देशाच्या कायद्यात आणली. आज गावाचे नाव बाटलीवर आले म्हणजे त्या नावामागे नियमांची एक वही असते आणि ती वही उत्पादकांनी लिहिलेली असते.

या नियमांनी कोणाला कायमचे सिंहासन मिळाले असेही नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये नावे झाकून फ्रेंच व कॅलिफोर्नियन वाइनची परीक्षा झाली. परीक्षक फ्रेंच होते आणि पांढऱ्या व तांबड्या दोन्ही प्रकारांत पहिला क्रमांक त्यांनी नकळत नापा खोऱ्याला दिला. नवख्या प्रदेशालाही मान मिळू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. उलट, नियम ढिले पडले की जुन्या प्रदेशाचीही धूळधाण होते, हे पुढच्या दशकात दिसले. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील वाइनमध्ये गोडी व दाटपणा आणण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघडकीस आले आणि त्या देशाची निर्यात एका हंगामात बसली. १९८६ मध्ये इटलीत मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाइनने वीसहून अधिक माणसे मेली. दोन्ही देशांना विश्वास परत मिळविण्यास कडक कायदे आणि अनेक वर्षांची मेहनत लागली. गुळाच्या रसायनातून आणि मिथेनॉलमधून होणारे मृत्यू महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. फरक एवढाच की येथे मरणारा गरीब असतो आणि त्याच्या मृत्यूने कोणाची निर्यात बसत नाही.

केळीची वही

हा धडा खानदेशाच्या केळीला लावून पाहिला की त्याची किंमत कळते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळी सावदा आणि रावेर स्थानकांवरून रेल्वेने दिल्लीस जात आली आहे. ट्रकांची वाहतूक तर अखंड चालू असते. एवढा माल, पण दिल्लीच्या गिऱ्हाइकाला तो केवळ ‘केळी’ म्हणून मिळतो. भाव रोज ‘बोर्डा’वर जाहीर होतो, बोर्डावरचा भाव एक आणि बांधावर हाती पडणारा दुसरा, ही उत्पादकाची जुनी तक्रार आहे. एके काळी सहकारी फळविक्री संस्थांनी या व्यवहारात उत्पादकाची बाजू धरली होती. त्यांचा जोर ओसरला तसा बांधावरचा शेतकरी एकटा पडला.

२०१६ मध्ये ‘जळगाव केळी’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्याच वर्षी जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही ती मिळाली. २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडीची, ही नोंदणी असलेली केळी दुबईस रवाना झाली, तेव्हा तिची मोजदाद २२ टन होती. हे पाऊल अभिमानास्पद आहे. पण शातोनफच्या उत्पादकांनी जे केले त्याच्याशी ते ताडून पाहिले पाहिजे. तेथे आधी वही लिहिली गेली, मग नाव मिळाले. येथे नाव मिळाले आहे. वही शेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. कोणता घड त्या नावास पात्र, तो किती पक्वतेला कापावा, कशात भरावा, खोटे नाव लावणाऱ्यास काय शिक्षा, हे गावोगावच्या उत्पादकाने मिळून ठरविले आणि पाळले तरच त्या नावाचा भाव येईल. एरवी निर्देशांकाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि केळी नावाविना दिल्लीस जात राहील. शेजारच्या नाशिकने ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची अशीच नोंदणी केली आहे. तेथेही खरी परीक्षा ही वही कोण लिहितो यावरच होणार आहे.

खानदेशाने स्वतः वाइनच्या मागे लागावे काय? तापीकाठची काळी, भारी जमीन आणि मे महिन्यात ४५ अंशांवर जाणारे ऊन द्राक्षवेलाला मानवणारे नाही. साक्री तालुक्याच्या सीमेपलीकडील बागलाणात मात्र लवकर छाटणीच्या द्राक्षांचे पीक पावसाशी जुगार खेळून घेतले जाते, तेव्हा धुळे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला द्राक्ष अगदीच परके आहे असे म्हणता येत नाही. पण खानदेशाने द्राक्षमळ्यांना जे दिले ते निराळेच आहे. भवरलाल जैन यांनी जळगावात उभ्या केलेल्या कारखान्यातून १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक सिंचनाच्या नळ्या निघू लागल्या आणि नाशिक-सांगलीच्या बागांपर्यंत पोहोचल्या. वाइनच्या पेल्यात जळगावचे काही असेल तर ते असे थेंबाथेंबाने पोहोचले आहे. थोड्या पाण्यात वेल जगविण्याचे तंत्र देणाऱ्या प्रांताने मद्याच्या धंद्यात उडी घेतली नाही म्हणून त्याचे काही अडलेले नाही.

पेल्याची दुसरी बाजू

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान शंभर चौरस मीटर क्षेत्राच्या सुपरमार्केटांत वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्षांबरोबर इतर फळे, फुले, केळी आणि मध यांपासूनही वाइन होते, शेतकऱ्याच्या मालाला त्यामुळे बाजार मिळेल, असे समर्थन करण्यात आले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असेही सांगितले गेले. विरोध झाल्यावर तो निर्णय अंमलात न येता मागे पडला. परंतु त्या वेळी झालेल्या वादात दोन्ही बाजूंनी जगातील द्राक्षमळ्यांचे दाखले दिले आणि दोन्ही बाजूंनी ते अर्धेच दिले.

वाइनमध्ये मद्यार्क असतो आणि तो सर्वसाधारणपणे बारा-तेरा टक्के असतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक मानता येत नाही. बाटली द्राक्षाची असो की धान्याची, शरीराला त्याचा भेद कळत नाही. फ्रान्समध्ये वाइन जेवणाचा भाग आहे, असे सांगणारे हे सांगावयाचे विसरतात की त्याच फ्रान्सने १९९१ मध्ये कायदा करून मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने घातली. वाइनची मातृभूमी मानला जाणारा देशसुद्धा तिला दूध समजत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा दाखला तर अधिकच बोलका. केपच्या वसाहतीत द्राक्षांचा पहिला रस १६५९ मध्ये काढला गेला. तेथे पुढे जी पद्धत रूढ झाली तिला ‘डॉप’ म्हणत: मळ्यावरील मजुराच्या मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपाने, दिवसातून अनेकदा, पेल्याने मोजून दिला जाई. मजूर पिढ्यान्‌पिढ्या मळ्याला बांधला गेला, कारण त्याला मळ्याने व्यसनी केले होते. १९६० नंतरच्या दशकात कायद्याने ही पद्धत बंद झाली तरी व्यवहारात ती पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. गर्भावस्थेत मद्याचा परिणाम झालेल्या मुलांचे प्रमाण जगात ज्या भागांत सर्वाधिक आढळले, त्यांत तेथील द्राक्षाचे प्रदेश येतात. स्टेलेनबॉशचे हिरवे डोंगर पाहून येणाऱ्या रसिकाने हेही पाहून यावे.

खानदेशातील बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. गावातील दुकान बंद करावयाचे असेल तर महिलांच्या मतदानाने ते बंद करता येते, अशी तरतूद महाराष्ट्रात आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतपत्रिकेवरील ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला पाहिजे. आमदार निवडून येण्यास झालेल्या मतांत आघाडी पुरते. दुकान बंद करण्यास मात्र गावातील साऱ्या स्त्रियांचा निम्मा हिस्सा गोळा करावा लागतो, मजुरीला बाहेरगावी गेलेल्या जणीही त्यात मोजल्या जातात. तरीही गावे हे करून दाखवितात. मद्याची विक्री कोठे व्हावी हे ठरविण्याचा अधिकार ज्यांना त्याचे परिणाम भोगावे लागतात त्यांना असावा, हे तत्त्व शातोनफच्या वहीइतकेच मोलाचे आहे. सुपरमार्केटचा निर्णय घेताना या तत्त्वाची आठवण कोणी ठेवली नाही.

मोहाचा न्याय

आणि आता त्या दुसऱ्या परंपरेकडे वळले पाहिजे, जी इब्न बतूताच्या दृष्टीस पडली नाही. सातपुड्यात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुले गळतात. बायका-मुले ती वेचतात, वाळवितात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न होतात. बियांचे तेल निघते. काही फुलांची दारू गाळली जाते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही घरगुती गाळणी गुन्हा ठरली. दारू सरकारने नेमलेल्या भट्टीत गाळली जाईल, मक्तेदाराच्या दुकानात विकली जाईल आणि तिच्यावर कर बसेल, अशी व्यवस्था झाली. १८९२ मध्ये तर किनाऱ्याकडील काही जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांविषयीच कायदा करण्यात आला. ज्या झाडाला आदिवासी देव मानतात त्याचे फूल घरात साठविणे हा संशयाचा विषय झाला. दारू सुटली नाही. ती अंगणातून उठून दुकानात गेली आणि तिच्यापाठोपाठ कर्ज घरात आले.

या अन्यायाला डोंगरातूनच उत्तर मिळाले. १९३० नंतरच्या दशकात तेव्हाच्या पश्चिम खानदेशातील, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील तळोदे तालुक्यात गुला महाराज या भिल्ल संताने दारू सोडण्याचा, स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. त्यांच्या आरतीला हजारोंची गर्दी होऊ लागली. ‘आप धर्म’ या नावाने ती चळवळ ओळखली गेली. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे नेली. दारू सोडणारा भिल्ल मक्तेदाराच्या आणि सावकाराच्या हातून सुटत होता, म्हणून त्या गर्दीची सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटली. खानदेशात दारूबंदीचा विचार शहरातील सुधारकांनी आणला, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. ज्यांच्या देवाला दारू लागत होती, त्यांनीच ती स्वतःच्या निर्णयाने सोडून दाखविली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढे तो सैल झाला, परवाने निघाले, साखर कारखान्यांच्या मळीतून मद्यार्काच्या नद्या वाहिल्या, २००१ मध्ये द्राक्षाला सवलती मिळाल्या. मोहाची पाळी येण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी राज्याने मोहाची फुले गोळा करणे, नेणे व साठविणे यांवरील निर्बंध उठविले. फूल मोकळे झाले. त्याची परंपरागत दारू गाळणे मात्र गुन्हाच राहिले. सीमेपलीकडे मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये ‘वारसा मद्य’ म्हणून मोहाच्या दारूला मान्यता दिली आणि सातपुड्याला व नर्मदेला लागूनच असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासींच्या बचत गटांमार्फत तिची निर्मिती सुरू झाली. जॉर्जिया या छोट्या देशात जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरविण्याची पद्धत आहे. तिचा पुरावा सुमारे आठ हजार वर्षे मागे जातो आणि युनेस्कोने २०१३ मध्ये तिची गणना मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केली. तिकडील शेतकऱ्याचा रांजण वारसा ठरतो आणि इकडील पावऱ्याचे मडके पुरावा म्हणून जप्त होते, ही विसंगती रसिकालाही जाणवली पाहिजे आणि दारूबंदीच्या समर्थकालाही.

मोहाच्या भट्ट्या गावोगाव सुरू कराव्यात, असा याचा अर्थ नाही. गुला महाराजांचे अनुयायी तो अर्थ घेणार नाहीत आणि आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या स्त्रियाही घेणार नाहीत. अर्थ एवढाच की कायद्याची नजर एक असावी. मद्य वाईट असेल तर ते द्राक्षाचेही वाईट आहे आणि त्याला करसवलत देण्याचे कारण नाही. ते मर्यादेत चालू द्यावयाचे असेल तर मोहाच्या झाडाखाली बसलेल्या बाईला त्या मर्यादेतून वगळण्याचेही कारण नाही. शहरातील ग्राहकाच्या पेल्याला संस्कृती म्हणावयाचे आणि पाड्यावरील पेल्याला गुन्हा, हे धोरण होऊ शकत नाही.

जगातील द्राक्षमळे पाहून येणाऱ्या खानदेशी माणसाने म्हणूनच बाटलीवरील चिठ्ठी नीट वाचावी. तिच्यावर एखाद्या गावाचे नाव असते. त्या नावामागे १९०७ चा गोळीबार असतो, एका गावाने स्वतःला घालून घेतलेली बंधने असतात आणि फसवणुकीने बुडालेल्यांनी पुन्हा मिळविलेला विश्वास असतो. काही नावांमागे पेल्याने मजुरी घेणारे मजूरही असतात. हे सर्व वाचता आले तर प्रवास कारणी लागला. रावेरचा केळी उत्पादक आपली वही स्वतः लिहू लागेल, तांदलवाडीचे नाव दिल्लीच्या टोपलीवर दिसेल, गावातील दुकानाचा निर्णय गावातील स्त्रीच्या हाती राहील आणि सातपुड्यातील मोहाचे फूल द्राक्षाच्या पंक्तीला बसेल, त्या दिवशी खानदेशाने द्राक्षमळ्यांचा धडा घेतला असे म्हणता येईल. त्यासाठी पेला उचलण्याची गरज नाही आणि तो उचलणाऱ्यालाही या कामातून सूट नाही.